गोधडी प्रदर्शनाच्या बंड्या: कामाच्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

प्रदर्शन १३, १४, १५ डिसेंबरला, पुण्यातच. आजच्या बैठकीत सभागृहाचं भाडं दहा मिनिटांत ठरलं आणि कार्यकर्त्यांनी काय घालायचं यावर तास गेला. बहुमत टी-शर्टकडे होतं. छापून मिळतात, स्वस्त पडतात, पाठीवर नाव येतं. मी म्हटलं, भिंतीभर हाताने शिवलेल्या गोधड्या आणि त्यांच्यापुढे केशरी पॉलिस्टर चमकवत उभे आपण, बघवणार आहे का? "मग तूच शिव की," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. असं कार्यकर्त्यांसाठी बंड्या शिवायचं काम गळ्यात पडलं.

घरी येऊन आधी कापडाचा विचार केलाच नाही. कार्यकर्ता दिवसभर काय करणार ते लिहून काढलं. दारावरचे लोक पत्रक देणार, नाव लिहून घेणार. विक्रीच्या टेबलावरचे पावत्या फाडणार. दालनातल्यांचं काम सगळ्यांत नाजूक, कारण गोधडीची खरी गंमत तिच्या पाठीवर असते आणि ती बघायचा मोह कुणालाच आवरत नाही. पण हाताचा घाम आणि तेल जुन्या सुताला मानवत नाही. म्हणून दालनातल्या कार्यकर्त्याच्या हातात पांढरे सुती मोजे असतील आणि कोपरा उलटून तोच दाखवेल. अमेरिकेतल्या क्विल्ट प्रदर्शनांत ही पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे एनसीसीची मुलं आणि बँडवाले घालतात तेच मोजे चालतील.

यातून अटी आपोआप निघाल्या. धातूचं काही नको, म्हणजे हुक, चेन, प्रेसबटण, पिन, बिल्ला सगळं बाद. जुन्या गोधडीचा धावदोरा वर आलेला असतो, त्यात हुक अडकला की टाका उसवलाच. गळ्यात ओळखपत्र नको. वाकलं की ते गोधडीवर आपटतं. शाईचं पेन नको, शिसपेन्सिल. आणि खिसे हवेत, खरे खिसे, हात मनगटापर्यंत जाईल असे. बायकांच्या तयार कुडत्यांना असतो तसला दोन बोटांचा देखावा नको.


५ ऑक्टोबर

रविवार पेठेत कापडगंजात फिरले. नवरात्राची गर्दी, दुकानदाराला सुती कापडाबद्दल चार प्रश्न विचारले तर तो पाचव्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. डोक्यात निळा होता. नीळ कुणालाही शोभते, मळखाऊ असते आणि गोधड्यांच्या लाल-पिवळ्यात वेगळी उठून दिसते. हातछपाईचं नीळवालं कापड अर्धा मीटर आणलं. सोबत पाव मीटर मांजरपाट, इचलकरंजीचा, न धुतलेला, खळीने कडक झालेला.


६ ऑक्टोबर

नीळ बाद.

पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा घासला, कोरडाच. रुमालावर निळसर सावली आली. मग रुमाल ओला करून घासला, तर निळा डाग. यात कापड वाईट आहे असं नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती धाग्याच्या अंगावर थर होऊन बसते, म्हणून धुताना फारशी निघत नाही पण घासली की निघते. जीन्स घालून पांढऱ्या सोफ्यावर बसलेल्यांना हे माहीत आहे. आपल्याकडे दालनात पांढरे मोजे आणि पांढऱ्या धोतराच्या वाकळी असणार. कार्यकर्ता वाकून कोपरा उचलणार, त्याची बंडी वाकळीला घासणार. नको.

रंग फिका हवा किंवा पक्का हवा. मांजरपाट तसाच ठेवला तर तीन दिवसांत मळून जाईल आणि पांढऱ्या भिंतीपुढे माणूस दिसणारही नाही. करडा करावा असं मनात आहे. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) वापरून तो रंग घरी होण्यासारखा आहे.


१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी मशीनची पूजा. आजीची पायमशीन आहे, उषाची, काळी. तिच्या अंगावरची सोनेरी नक्षी आता निम्मी पुसली गेली आहे. चाकाला झेंडूची माळ, कात्रीला आणि टेपलाही हळदकुंकू. आज मशीन चालवत नाहीत, पण कागदावर रेघा मारायला कोणाची हरकत नसते.

कापाचा प्रश्न असा की अठरा माणसं आणि छातीची मापं ३२ पासून ४८ पर्यंत. प्रत्येकाचं माप घेऊन शिवायचं तर डिसेंबर २०२५ उजाडेल. बटणाच्या बंडीला माप नेमकंच लागतं. बाराबंदीला लागत नाही. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी मंडळी पांढरी बाराबंदी घालतात, ती नीट बघितली तर शिंप्याच्या हुशारीचा नमुना आहे. एक पदर दुसऱ्यावर चढतो, बंदांनी आवळला जातो, माणूस जाड झाला तर पदर कमी चढतो, एवढंच. बगलेत चौकोनी तुकडा असतो, त्यामुळे हात वर केला तरी कंबर वर ओढली जात नाही. ओझं पेलणाऱ्यांचा कपडा आहे तो.

बाराबंदीच्या बाह्या काढल्या, लांबी कमरेखाली चार बोटं ठेवली, बारा बंदांचे सहा केले: दोन जोड्या बाहेर, एक आत. बाह्या नाहीत म्हणून बगलेचा तुकडाही गेला. त्याऐवजी मुंढा, म्हणजे हात जातो तो घेर, अर्धा इंच खोल. तीन मापं पुरतील: छाती ३६, ४२, ४८ पर्यंत. समोरचे पदर मोकळे नकोत, वाकलं की लोंबतात. बंद आवळले की ते अंगाला राहतात, हा दुसरा फायदा.

जुन्या चादरीचा कच्चा नमुना उद्या.


१४ ऑक्टोबर

कच्चा नमुना ह्यांना घालून बघितला, मग शेजारच्या वहिनींना. एकाच मापाची बंडी, दोघांत चाळीस किलोंचा फरक, दोघांना बसली. वहिनींनी आरशात बघून पहिला प्रश्न विचारला, "खिसा कुठाय?"


१९ ऑक्टोबर

तीस मीटर मांजरपाट आला. एक मीटरवर दोरा भरून खूण केली आणि सगळं कापड धुण्याचा सोडा व साबण घालून उकळलं. खळ सुटली की पाणी भाताच्या पेजेसारखं होतं. वाळल्यावर खूण मोजली तर मीटरचे ९५ सेंटीमीटर झाले होते. नव्या कापडाची बंडी तशीच शिवली असती तर पहिल्या धुण्यात पाठ सव्वा इंचाने वर गेली असती आणि योकवरचं, म्हणजे पाठीच्या वरच्या भागावरचं, काम सुरकुतलं असतं. अगदी हिंडून-फिरून शिवणक्लासमध्ये मी हेच सांगत असते, आणि पोरी "ताई, घाई आहे" म्हणत कोरं कापड कापतात.


२० ऑक्टोबर

रंगाचा दिवस. मैत्रिणीच्या वाड्याचं अंगण मिळालं, तिथे नळ आहे आणि फरशीवर डाग पडले तरी कुणी ओरडणार नाही.

वाळलेलं कापड साडेचार किलो भरलं. हिरड्याची पूड कापडाच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे ६७५ ग्रॅम, काल रात्रीच भिजवून ठेवली होती. आज गाळून त्या पाण्यात कापड बुडवलं, तास-दीड तास. कापड पिवळट होऊन बाहेर येतं, ताकातल्या लोण्याचा असतो तो रंग. न धुता सावलीत वाळवलं.

हिराकस वजनाच्या २ टक्के, ९० ग्रॅम. यात हात सैल सोडायचा नाही. लोह जास्त झालं की रंग काळा येतो आणि सूत हळूहळू कुजतं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघा गळून गेलेल्या आणि मधला लाल शाबूत, असं दिसतं, त्याचं कारण हेच. आम्हाला काळा नकोच होता. हिराकस गरम पाण्यात पूर्ण विरघळवला, फडक्यातून गाळला, मग गार पाण्याच्या पिंपात ओतला. हिरड्याची भांडी आणि लोखंडाची भांडी वेगळी, काठ्या वेगळ्या, नाहीतर सगळ्यावर करडे ओघळ.

पिवळं कापड ओलं करून आत सोडलं आणि बघता बघता बदललं. आधी कडा राखाडी, मग घड्यांच्या आतून, आणि काठीने फिरवेपर्यंत पिवळा कुठे उरलाच नाही. मैत्रिणीची मुलगी सातवीत आहे, ती म्हणाली हे तर शाई बनवणं झालं. बरोबरच आहे, जुनी काळी शाई अशीच करायचे, तुरट साल किंवा फळं आणि हिराकस.

कापड सतत हलवत ठेवावं लागतं. जिथे घडी दबली तिथे ढग उठतात. तीन-तीन मीटरचे तुकडे करून घेतले होते म्हणून निभावलं. अख्खा तागा बायकांच्या हाताने फिरला नसता. घाणा बदलला की छटा बदलली, शेवटचे दोन तुकडे फिके आहेत. ते एकत्र ठेवून त्यातूनच अख्ख्या बंड्या कापणार. एका बंडीत दोन करडे नकोत, दोन बंड्यांत चालतील.

रात्री रुमाल घासला. कोरडा स्वच्छ, ओल्यावर जेमतेम सावली. परत दोन पाण्यांतून काढून घासला तेव्हा तीही नाही.


२७ ऑक्टोबर

उद्या वसुबारस. भाऊबीज होईपर्यंत काम बंद. मशीनवर गिऱ्हाइकांचे ब्लाऊज रचलेत, त्यांचा नंबर आधी.


९ नोव्हेंबर

योकला आजपासून सुरुवात. बंडी करडी, पण पाठीच्या वरच्या भागावर, दोन्ही खांद्यांमध्ये, जुन्या साड्यांची गोधडी. पाठीवरच का, असं बैठकीत विचारलं होतं. गर्दीत मदत शोधणाऱ्याला कार्यकर्त्यांच्या पाठीच दिसतात. तोंड दिसलं असतं तर शोधावं कशाला. समोरून फक्त खिशाच्या काठाला त्याच रंगाची पट्टी.

रंग कामाप्रमाणे. दारावरचे लाल, दालनातले हिरवे, विक्रीचे हळदी. प्रत्येक योकचे तुकडे निराळे, त्यामुळे अठरापैकी दोन पाठी सारख्या नाहीत, तरी लांबून गट कळतो. एका ताईंनी पैठणीचे काठ लावायची कल्पना काढली होती. जरीचा धागा गोधडीला खाजवतो, आणि पैठणी लावली की लोक कार्यकर्त्यालाच बघत बसतील.

साड्या सगळ्यांनी दिल्या. निवडताना प्रत्येक साडी खिडकीसमोर धरली. बसण्याचा भाग विरळ झालेला असतो, उजेड आरपार येतो; पदराकडचा आणि आतल्या टोकाचा भाग बहुधा दणकट निघतो. एक सुंदर लाल इरकल होती, पण ओल्या रुमालाला रंग सोडत होती. मिठाच्या पाण्यात ठेवून बघा म्हणाल्या सगळ्या. ठेवली. परत सोडला. बाजूला काढली, तिची वेगळी गोधडी होईल, जी फक्त लाल साड्यांसोबतच धुवायची.

मामी आल्या होत्या. गोधड्या शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे आणि प्रदर्शनात त्या स्वतः बसून शिवून दाखवणार आहेत. मी योकचा आकार कापून, त्यावर खडूने पाव-पाव इंचाच्या रेघा मारून तयार ठेवला होता. त्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, "आधी कापलंस कशाला गं? शिवण ओढून घेती कापड." मग मोठा चौकोन घेतला: वर साडीचे तुकडे, मधे धोतराचा एक पदर, खाली मांजरपाट. जाड सुई, दुहेरी पांढरा दोरा. काठापासून सुरुवात, कडेकडेने फिरत आत. रेघ नाही. डाव्या हाताची तर्जनी आधीच्या टाक्यांच्या रांगेवर आडवी ठेवायच्या, बोटाची जाडी संपली की तिथे पुढची रांग. सुईवर तीन-चार टाके गोळा करून एकदम ओढायच्या, आणि ओढल्यावर अंगठ्याने शिवण मागे सपाट करायच्या, दर वेळी, न चुकता. तो अंगठा मला जास्त शिकवून गेला. सपाट केल्याशिवाय दोरा आवळला तर कापड चुरगळतं, आणि तो चुरगळा मग कधी जात नाही.

शिवून झाल्यावर मी मोजलं. १८ इंचांचा चौकोन सव्वासतरा झाला होता. आता त्यावर योकचा कागद ठेवून कापलं, कडेने लगेच मशीनची टीप घातली म्हणजे हाताचे टाके सुटणार नाहीत.

खडूच्या रेघा असलेला तुकडा मामींनी घरी नेला, नातवाच्या दुपट्यात घालते म्हणाल्या.


१३ नोव्हेंबर

गटातल्या एकीने सुचवलं की योकच्या कोपऱ्यांवर घडीची फुलं लावू, कवंदीसारखी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना तशी दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, त्यांच्याकडे त्याशिवाय कवंदी पुरी धरत नाहीत. प्रदर्शनात दोन कवंद्या येणार आहेत. ज्यांची खूण आहे त्यांची कवंदी भिंतीवर असताना आपण तीच खूण गणवेशावर मिरवायची, हे मला पटलं नाही. फुलं नाहीत.


१६ नोव्हेंबर

खिसे.

उजवीकडे बाहेरून मोठा खिसा, सात इंच रुंद, आठ खोल. त्याच्या एका बाजूला सव्वा इंचावर उभी टीप, तो पेन्सिलीचा कप्पा. तळ दुहेरी, कारण पेन्सिलीचं टोक सहा तासांत कापड भोकसतं. मोज्यांचा जोड, पत्रकं, छोटी मोजपट्टी एवढं मावतं.

डावीकडे आतून फोनचा खिसा. बाहेर ठेवला तर वाकल्यावर फोन घसरून गोधडीवर पडणार. आत ठेवला तर फोनचं वजन समोरच्या एका पदरावर येतं आणि बंडी तिरकी ओढली जाते. पहिल्या बंडीत तसंच झालं दिसलं, म्हणून खिशाची वरची कड दोन इंच रुंद पट्टीने थेट खांद्याच्या शिवणीत अडकवली. वजन खांद्यावर गेलं. पट्टी आतून आहे, दिसत नाही. या एका पट्टीवर मी अख्खी दुपार घालवली आणि माझ्या मते सगळ्या कामात तीच चांगली जमली आहे.

खिशाचे वरचे कोपरे त्रिकोणी टीप मारून पक्के. पुरुषांना खिशात मूठ खुपसून उभं राहायची सवय असते.


२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभी राहून आले, मग दिवसभर बंद शिवले. अठरा बंड्यांचे प्रत्येकी सहा म्हणजे १०८. दीड इंची पट्ट्या, दोन्ही कडा मध्यावर दुमडून परत दुमडायच्या, इस्त्री, कडेने टीप. नळी शिवून उलटवायची म्हटलं असतं तर मार्गशीर्ष संपला असता. एकामागून एक पट्टी मशीनखाली सरकवत गेले, दोरा न तोडता; शेवटी खोलीभर तोरण झालं. बोटाच्या शाईचाही रुमालाला घासून निकाल लावला. पक्की आहे.

बंदाचं एक टोक शिवणीत जातं तिथे परत उलटी टीप, दोनदा. बंद तुटतो तो नेहमी तिथेच. दुसऱ्या टोकाला गाठ नाही, दुमडून हातशिलाई. गाठ दोऱ्यात अडकते.

मुंढ्याला आणि गळ्याला त्याच करड्याची क्रॉसमध्ये, म्हणजे तिरकी, कापलेली पट्टी. जाड जोडावर, जिथे योक, खांदा आणि खिशाची पट्टी एकत्र येतात, तिथे १६ नंबरची सुई आणि हाताने चाक फिरवून.


३० नोव्हेंबर

घालून बघायचा दिवस. सगळे अठरा एकदम कधी येत नाहीत, बारा आले.

कॉलेजच्या मुलाला छाती ३६ ची बंडी पदर जवळजवळ बगलेपर्यंत जाऊन बसली, पण बसली. बंद कसे बांधायचे हे पुरुषांना दाखवावं लागलं. एका काकांना बंद म्हणजे बाळाच्या झबल्याची आठवण झाली आणि ते जरा रुसले, आतली जोडी आधी बांधून दिल्यावर पाठ ताठ झाली तेव्हा म्हणाले, "ठीक आहे." एका ताईंचा हात वर जात नव्हता, त्यांचा मुंढा आणखी पाव इंच खाली केला. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) अर्ध्या इंचाहून कमी नव्हती म्हणून जमलं.

ओळखपत्राऐवजी नाव डाव्या छातीवर, मांजरपाटाच्या कोऱ्या पट्टीवर, लाल दोऱ्याने. ज्याचं नाव त्याने भरायचं असा नियम केला. मीच पेन्सिलीने अक्षरं काढून दिली, सुई ओवून दिली. जोडाक्षरवाल्यांनी तक्रार केली. ज्याच्या नावात "ज्ञ" आहे त्याने शेवटी टोपणनाव भरलं. अक्षरं वेडीवाकडी आहेत, कुणाची वेलांटी दुसऱ्या ओळीत गेली आहे. मला ती आवडली, छापलेल्या बिल्ल्यापेक्षा कितीतरी.


४ डिसेंबर

मामी आणि त्यांच्या चार जणींसाठी बंडी नाही. नऊवारीवर पदर असतो. बंडी पदराखाली घातली तर दिसत नाही, वर घातली तर पदर चेपतो, आणि त्यांना तसं अवघडल्यासारखं बसवून शिवून दाखवा म्हणणं बरं नव्हे. त्यांच्यासाठी चंची शिवते आहे. पानसुपारीची चंची असते तशीच, एकावर एक कप्पे, गुंडाळून दोरीने बांधायची, दोरी लांब म्हणजे कंबरेला खोचता येईल. सुपारीच्या जागी रीळ, चुन्याच्या डबीच्या जागी सुयांची, छोटी कात्री वेगळ्या जाड कप्प्यात. बाहेरून तोच करडा, झाकणावर लाल-हिरवा-हळदी तिन्ही.

मामींनी बघून विचारलं, "तंबाखूला जागा ठेवलीस ना?" ठेवली नव्हती. एक कप्पा वाढवला, पण प्रदर्शनाच्या तीन दिवसांत सभागृहात चालणार नाही हेही सांगितलं.


१० डिसेंबर

सगळं इस्त्री करून, नाव बाहेर दिसेल अशा घड्या. दोन जादा बंड्या छाती ४२ च्या. हिशेब: कापड, हिरडा-हिराकस, दोरा, मोजे धरून बंडीमागे छापील टी-शर्टपेक्षा थोडे जास्त पडले. मजुरी धरलेली नाही, धरली तर कुणी पुन्हा गोधडी प्रदर्शन भरवणार नाही.


१३ डिसेंबर

पहिला दिवस. दुपारपर्यंत लोक बंडीवाल्यांकडे नीट येऊ लागले, कुणाला शोधाशोध करावी लागली नाही. हिरव्या पाठी दालनात उभ्या, आणि मोजे घालून कोपरा उलटला की भोवती पाच-सहा डोकी जमायची. एक आजी वाकळीची पाठ बघून म्हणाल्या, "टाके मोठेत, घाईत शिवलीय, थंडी तोंडावर आली असंल." हे मी कुठल्याही माहितीफलकावर लिहिलं नसतं.

लोकांनी बंड्या विकत मागितल्या. विक्रीच्या टेबलावर सांगून ठेवलं की नाहीत.


१४ डिसेंबर

एका कार्यकर्त्याच्या बंडीवर लिंबू सरबत सांडलं. पुसलं, वाळलं, आणि तिथे मूठभर फिका पिवळट डाग उमटला. लिंबाचं आम्ल लोह खेचून घेतं, हिरड्याचा पिवळा मागे उरतो. परत हिराकसात बुडवलं तर येईल रंग, पण ठिगळासारखा. जादातली एक बंडी त्याला दिली. सरबतवाल्याला उद्यापासून कोकम आणायला सांगत होते सगळे. तेही आंबटच, शिवाय लाल. पाणी आणि चहा, बस.

मोजे दुपारपर्यंतच काळवंडतात. एका माणसामागे दिवसाला दोन जोड हवेत, एक पुरत नाही.


१५ डिसेंबर

शेवटचा दिवस, सर्वांत जास्त गर्दी. पाठीच्या रंगाचा एक घोळ झाला: दारावरच्या दोघी जेवायला गेल्या तेव्हा दालनातला मुलगा दारावर बसला आणि त्याच्या हिरव्या पाठीकडे बघून लोक त्याला आत गोधड्या दाखवायला बोलवत राहिले. पुढच्या वेळी योक सुटा, आतल्या बाजूने बंद लावून काढता-घालता येईल असा करता येईल का, हे बघायचं. माझा अंदाज, त्याने खांद्याचा जोड कच्चा होईल.

रात्री गोधड्या उतरवताना सगळे बंड्यांतच होते. शिडीवर चढून दांडा नळीतून ओढताना हात पूर्ण वर जातात. मुंढा खोल केलेल्या ताईंची बंडी कमरेवर तशीच राहिली, बाकी काहींच्या बऱ्याच वर गेल्या. बगलेचा चौकोनी तुकडा काढायला नको होता, बाह्या नसल्या तरी.


२२ डिसेंबर

बंड्या परत आल्या, एक सोडून. ती कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्या काकांना आठवण करायची नाही असं ठरलं.

खिसे रिकामे केले. पेन्सिली, चिक्कीचे कागद, आणि इतकं सांगूनही तीन सेफ्टी पिना. रिठ्याच्या पाण्यात एकेक बंडी हाताने धुतली, सावलीत उलटी वाळत घातली. करडा जरा उतरला आहे, योकचे रंग तसेच. एका बंडीचा आतला बंद तुटला, शिवणीत नव्हे, मधेच. तिथे कापडाची गाठ होती बहुतेक. फोनच्या खिशाची पट्टी एकाही बंडीत ताणलेली नाही.

नागपूरहून एका गटाने फेब्रुवारीत चार दिवसांसाठी बंड्या मागितल्या आहेत. देते म्हटलं. कपाटात आहे तो उरलेला करडा तुकडा दोन मीटर भरेल. त्यातून बगलेचे छत्तीस चौकोन कापायचे आहेत, अडीच इंची, आणि मग सगळ्यांचे मुंढे उसवायचे.